सोंगे मोजत पाहावा असा चित्रपट : ‘एल रेय देल बार्रिओ’

मेक्सिकोचा विनोदवीर जेर्मान वाल्देस ऊर्फ ‘तिन तान’ याची प्रमुख भूमिका असलेला ‘एल रेय देल बार्रिओ’, म्हणजेच ‘वस्तीचा राजा’, हा कृष्णधवल चित्रपट हिल्बेर्तो मार्तीनेस सोलारेस यांनी १९४९ मध्ये दिग्दर्शित केला. आपण रेल्वेत नोकरीला आहोत असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना भासवणारा नायक प्रत्यक्षात भामट्यांची एक टोळी चालवतो. ही टोळी श्रीमंतांना लुबाडून गरिबांना वाटण्याचे मनसुबे रचते आणि तिच्या धांदरटपणामुळे ते मनसुबे फसत राहतात. कार्मेलिता या सालस मुलीवर जीव जडल्यानंतर मात्र त्याला सरळ मार्गाला लागावेसे वाटू लागते. पाहायला बसण्यापूर्वी एवढे कथानक ठाऊक असणे पुरेसे आहे, त्यामुळे शेवट मी येथे सांगत नाही. स्पॅनिश न येणारा प्रेक्षक उपशीर्षकांवरच विसंबून राहिला, तर या चित्रपटातील सर्वांत मोलाची गोष्ट त्याच्या हातून निसटते, आणि ती गोष्ट म्हणजे नायकाचा पदोपदी बदलणारा आवाज. म्हणून हा चित्रपट डोळ्यांइतकाच कानांनी पाहावा.

कान तयार करण्यासाठी तिन तानची पार्श्वभूमी आधी जाणून घ्यावी. त्याचा जन्म १९१५ मध्ये मेक्सिको सिटीत झाला, परंतु तो वाढला सिउदाद हुआरेस या सीमेवरच्या शहरात, जेथून नदी ओलांडली की अमेरिकेतील एल पासो लागते. तेथील तरुणांमध्ये त्या काळी ‘पाचूको’ नावाची एक तऱ्हा रूढ होती. ढगळ विजार, गुडघ्यापर्यंत येणारा कोट, पीस खोवलेली टोपी, लोंबती साखळी आणि इंग्रजी शब्दांनी भरलेली स्पॅनिश ही तिची लक्षणे होत. याच वेशातील तरुणांना १९४३ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर अमेरिकी सैनिकांनी झोडपले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो वेश रंगमंचावर अभिमानाने मिरवणाऱ्या नटाचे धाडस कळते. भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी त्याच्यावर धेडगुजरी भाषेचा ठपका ठेवला. मला मात्र त्याच्या विनोदाचे मूळ त्या धेडगुजरीतच दिसते, कारण दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेल्या माणसाला दुसऱ्याचा सूर चटकन उचलता येतो आणि भामट्याच्या भूमिकेला नेमके तेच लागते. प्रस्तुत चित्रपट त्यानंतरच्या टप्प्यावरचा असून त्यात पाचूको वेशापेक्षा राजधानीतील गरीब वस्तीचा रंग अधिक गडद आहे.

ती वस्ती म्हणजे ‘वेसिंदाद’. मधल्या सामाईक अंगणाभोवती खोल्या, धुण्याची जागा सामाईक आणि एकाच्या घरातील भांडण दहा घरांना ऐकू येणारे अशी ही रचना असल्यामुळे चाळीत राहिलेल्या मराठी माणसाला ती समजावून द्यावी लागणार नाही. अशा ठिकाणी खोटे बोलून राहणे किती अवघड आहे याचा विचार प्रत्येक प्रसंगी करावा. नायकाने रेल्वेचीच नोकरी का निवडली, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. मेक्सिकोत रेल्वेचे राष्ट्रीयीकरण १९३७ मध्ये झाले होते आणि रेल्वे कामगार म्हणजे कायम पगाराचा, संघटनेचे पाठबळ असलेला, वस्तीत मान असलेला माणूस असे चित्र होते. (चित्रपटाच्या आदल्याच वर्षी सरकारने या संघटनेवर आपल्या मर्जीतला नेता लादला होता. त्याच्या ‘चार्रो’ या टोपणनावावरून सरकारधार्जिण्या कामगार पुढाऱ्यांना तेथे आजही ‘चार्रो’ म्हणतात.) म्हणजे नायकाचे हे सोंग पैशासाठी नसून प्रतिष्ठेसाठी आहे, आणि इतर सोंगांपासून ते मनात वेगळे काढून ठेवावे.

इतर सोंगे सरळसरळ लुबाडणुकीची आहेत. कधी तो फ्रेंच चित्रकार होतो, कधी दक्षिण स्पेनमधील अंदालुसियाच्या ढंगाने गाणारा स्पॅनिश गायक, तर कधी इटालियन संगीत शिक्षक. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात, आणि ही सोंगेसुद्धा खिसा रिकामा असल्यामुळेच आणलेली आहेत. प्रत्येक सोंगात तो कोणत्या देशाचा उच्चार घेतो आणि तो उच्चार कोणत्या क्षणी निसटतो, याकडे लक्ष ठेवावे. उच्चार निसटला की आतला गरीब वस्तीतला माणूस डोकावतो. उपशीर्षकांत यातले काहीच उतरत नाही, कारण तेथे सगळी वाक्ये एकाच सुरात लिहिलेली असतात.

संगीत शिक्षकाचा प्रसंग निदान दोनदा पाहावा. त्यात त्याच्यासमोर आहे वितोला, म्हणजे कॅनडातील टोरांटोत जन्मलेली फॅनी कॉफमन, जिची उंच, काटकुळी देहयष्टी आणि ऑपेराचा कमावलेला आवाज या दोन्ही गोष्टी येथे पुरेपूर वापरल्या आहेत. पहिल्यांदा उपशीर्षकांसह पाहून प्रसंग समजून घ्यावा आणि नंतर उपशीर्षके बंद करून केवळ स्वर ऐकावेत. गुरूला गाण्यातले काही कळत नाही आणि शिष्येला त्याचा पत्ता नाही, एवढ्या भांडवलावर दोघे सवाल-जवाब केल्यासारखे चढत जातात. शब्दांना अर्थ उरत नाही, तरीही कोण कोणावर कुरघोडी करत आहे हे स्वच्छ कळते. बतावणी पाहिलेल्या माणसाला उत्स्फूर्त भर घालणाऱ्या नटांची ही जात लगेच ओळखू येईल. तिन तान हा सोंगाड्याच्याच कुळातला आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

यानंतर त्याने नशेत म्हटलेल्या ‘कोन्तिगो’ या बोलेरोकडे, म्हणजे संथ लयीच्या प्रेमगीताकडे, यावे. येथे त्याने कोणत्याही देशाचा उच्चार उसना घेतलेला नाही. मद्याने जीभ जड झाली आहे, सूर लडखडतो आहे, तरीही आवाज प्रथमच त्याचा स्वतःचा वाटतो. मेलोड्रामाच्या रिवाजाप्रमाणे पश्चात्तापाचे लांबलचक भाषण येईल अशी अपेक्षा ठेवून बसणाऱ्याची येथे निराशा होईल, कारण माझ्या मते या माणसाचे सुधारणे आवाजांच्या या उतरणीत दडलेले आहे. कार्मेलिताची भूमिका करणारी सिल्व्हिया पिनाल त्या वेळी जेमतेम अठरा वर्षांची होती. पुढे १९६१ मध्ये दिग्दर्शक लुइस बुन्युएलच्या ‘विरिदियाना’ या चित्रपटाने ती जगभर पोहोचली. येथे ती थोडकेच बोलते. तिच्यासमोर नायकाची बडबड कधी कमी होते हे पाहावे आणि रेल्वेचे ते वेगळे काढून ठेवलेले सोंग तेव्हा पुन्हा आठवावे. शेजाऱ्यांना फसवताना न बोचणारे खोटे हेच आहे, आणि तिच्यापुढे बोचते तेही हेच.

दुय्यम पात्रांसाठी वेगळा वेळ काढण्याची गरज नाही. मार्सेलो चावेस हा तिन तानचा जुना रंगमंचीय जोडीदार आहे, आणि टोळीतला रामोन वाल्देस हा त्याचा सख्खा भाऊ, जो पुढे दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेत ‘दॉन रामोन’, म्हणजे ‘रामोनराव’, म्हणून संपूर्ण लॅटिन अमेरिकेत घराघरांत पोहोचला. तीही मालिका एका वेसिंदादमध्येच घडते.

चित्रपट संपल्यावर कान किती तयार झाले हे तपासण्याचा एक उपाय आहे. डिस्नेच्या १९६७ च्या ‘जंगल बुक’ची लॅटिन अमेरिकी स्पॅनिश आवृत्ती मिळवावी आणि नागपूरच्या उत्तरेकडील सिवनीच्या रानाशी किपलिंगने ज्याचे नाते जोडले त्या भालूचे, म्हणजे बलूचे, गाणे डोळे मिटून ऐकावे. तो आवाज तिन तानचाच आहे.