तीन-चार प्रोसेसर एका टॅबवरून चालवायचे असतील तर

गणपती-नवरात्रात हल्ली मैदानातल्या साउंड सेटअपला दोन-तीन प्रोसेसर (स्पीकरकडे जाणारा आवाज वाटून-सावरून देणारे डबे) असतातच, मेन टॉप-बेसला एक, डिलेला (मागच्या पब्लिकसाठी लांब लावलेल्या स्पीकरांना) एक, फ्रंटफिलला (स्टेजसमोरच्या पहिल्या रांगांच्या स्पीकरांना) एखादा, आणि जरा कुठे ईक्यू (टोन) हलवायचा म्हटलं की स्टेजमागच्या रॅककडे पळा. डीबीएक्सच्या ड्राइव्हरॅक पीए२सारखे लॅनवाले (नेटवर्क केबल लागणारे) प्रोसेसर असतील तर हे पळणं वाचतं. पण प्रोसेसर सगळे वायरवरच ठेवायचे, वायफाय फक्त तुमच्या हातातल्या टॅबपुरतं. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

सामान फार नाही. एक ड्युअल बँड राउटर, ८ पोर्टचा साधा नेटवर्क स्विच, बऱ्या कॅट६ केबल्स, सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं, उलट नसलेलंच बरं. प्रत्येक प्रोसेसरपासून एक केबल स्विचला आणि स्विचपासून राउटरच्या लॅन पोर्टला, वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला नाही. कॉपर केबलची मर्यादा १०० मीटर, शिवाजी पार्कसारख्या मैदानात डिले टॉवर लांब असेल तर मध्ये अजून एक स्विच टाका. आणि मोकळी दिसणारी केबल कोणी उचलून त्याच दोन स्विचमध्ये परत खोचली तर लूप होऊन अख्खं नेटवर्क झोपतं, म्हणून पोरांना आधीच सांगून ठेवा.

एक लक्षात ठेवा, बेहरिंगरच्या जुन्या डीसीएक्स२४९६ प्रोसेसरच्या मागे जे लिंक पोर्ट आहेत ते दिसायला सेम लॅनसारखे, पण आतून आरएस-४८५, म्हणजे वेगळ्याच सिरियल जोडणीचे आहेत, ते स्विचला लावायचे नाहीत.

आता आयपी, म्हणजे प्रत्येक डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता. डीएचसीपीच्या (राउटरने आपोआप पत्ते वाटण्याच्या) भरवशावर राहिलात तर लाइट जाऊन आली की पत्ते बदलू शकतात, म्हणून हाताने द्या. राउटर १९२.१६८.१.१, प्रोसेसर १९२.१६८.१.११, १२, १३ असे ओळीने, सबनेट सगळीकडे २५५.२५५.२५५.०, आणि राउटरचा डीएचसीपी १०० पासून पुढे ठेवा, तो टॅब आणि लॅपटॉपसाठी. टेपवर आयपी लिहून प्रत्येक रॅकवर चिकटवा आणि प्रोसेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये नावंपण तीच द्या, ‘मेन’, ‘डिले डावा’ वगैरे, नाहीतर तीन सारखी नावं बघून ऐन शोमध्ये भलताच म्यूट व्हायचा. एखाद्या डब्यावर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा त्याला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही, केबल बघा.

लॅपटॉपवरून पिंग जातंय (म्हणजे डबा नेटवर्कवर उत्तर देतोय) पण सॉफ्टवेअरला प्रोसेसर दिसत नाही? बहुतेक वेळा विंडोजचा फायरवॉल, नेटवर्क पब्लिकवरून प्रायव्हेट करा. फोनवर तीच तक्रार असेल तर मोबाइल डेटा बंद करा, कारण वायफायला इंटरनेट नाही दिसलं की फोन गुपचूप डेटावर जातो.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे पहिल्यांदा कनेक्ट होताना सॉफ्टवेअर विचारतं तो प्रश्न, सेटिंग डिव्हाइसमधून घ्यायची की कॉम्प्युटरवरची पाठवायची. इथे घाईत भलतं बटण दाबलं की गेल्या महिन्यातल्या हॉलचं क्रॉसओव्हर (कुठल्या स्पीकरला कुठली फ्रिक्वेन्सी) आणि लिमिटर (आवाजाची कमाल मर्यादा) आजच्या बॉक्सवर जाऊन बसतं, स्पीकरचे ड्रायव्हर उडायला तेवढं पुरे. म्हणून आधी अँप्लिफायर बंद, मग डिव्हाइसमधून घ्या, फाइल सेव्ह करा आणि मगच हात लावा. शिवाय लिमिटर पासवर्डने लॉक करून टाका, कारण टॅब एकदा मंडळाच्या कार्यकर्त्याच्या हाती गेला की काय होतं ते आपल्याला माहितीये.

वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, २.४ला आजूबाजूच्या बिल्डिंगांची आणि पब्लिकच्या फोनची नुसती झुंबड असते. राउटर माणसांच्या डोक्यावर, ट्रसला वगैरे बांधा, रिकाम्या मैदानात साउंडचेकला मस्त चालणारं सिग्नल गर्दी भरली की मरतं. तरी तुटलंच तर घाबरू नका, आवाज चालूच राहतो, कंट्रोल तेवढा जातो. त्यासाठी एफओएचला (पब्लिकमधल्या मिक्सरच्या जागी) एक लॅन केबल ओढून लॅपटॉप वायरवर तयार ठेवा.