लावणी, आखणी आणि ट्रेबल हूक: खोट्या माशांच्या शेडची पावसाळी यादी

आमच्या शेडमध्ये मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक पुठ्ठा टांगला जातो. पूर्वी फळ्यावर खडूने लिहायचो, पण जूनमध्ये फळ्यालाच घाम फुटतो, म्हणून आता पुठ्ठा आणि मार्कर. पेण-अलिबाग रस्त्यालगतची छोटी शेड, माझ्यासकट नऊ माणसं, आणि काम नकली मासे बनवायचं: लाकडी पॉपर आणि पेन्सिल (पाण्यावर खेळवायचे दोन आकार), शिशाचे जिग (बुडणारे). गिऱ्हाईक त्यांना लुअर म्हणतं, गावात सगळे 'खोटे मासे' म्हणतात. खडकावर उभं राहून जिताडा माशामागे लागणारी मंडळी हे घेतात. त्यांचा हंगाम सुरू होतो पाऊस उघडून पाणी निवळलं की, म्हणजे माल पावसाळ्यातच तयार व्हायला हवा. आणि पावसाळ्यातच रंग वाळत नाही, शिशाला हात लावायची भीती वाटते, माणसं शेतावर असतात. हा तिढा सुटत नाही, फक्त मे महिन्यात त्याच्याशी बोलणी करता येतात. तुमचीही अशीच छोटी शेड असेल तर पुठ्ठ्यावरचं हे सगळं तुमच्या कामाचं आहे.

सुरुवात मालापासून करू नका, कालनिर्णयापासून करा. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं ठेवा आणि माणसं कधी नसतील ते आधी रंगवा. जुळणीला आणि पॉलिश पेपर मारायला आमच्याकडे पाच बायका आहेत. पाऊस वेळेवर आला तर जूनच्या अखेरीपासून त्या लावणीला जातात, आणि लावणी म्हणजे एकट्या घरची नसते. आज आपल्या शेतात, उद्या जावेच्या. दोन आठवडे धरायचे, पावसाने दडी मारली तर तीन. पुढे बेणणी, ऑक्टोबरात कापणी, मग झोडणी. याला मी खाडा म्हणत नाही. खाडा म्हणजे न सांगता मारलेली दांडी. हे तर जानेवारीतही ठाऊक असतं, तरी जुलैमध्ये डोक्याला हात लावून बसणारे मालक मी पाहिलेत. पहिली काही वर्षं मीही त्यातलाच होतो.

तेव्हा बायकांचं काम लावणीआधी उरकायचं. सगळी घासाई मेअखेर ते २० जून. लाकूड घासून, प्रायमर मारून, पेटीत बंद. जुळणी मात्र घरी देता येते. रिंगेत हूक अडकवणं, स्टिकरचे डोळे लावणं हे लावणीवरून आल्यावर संध्याकाळी तासभर बसून होतं, नगावर पैसे. पण यादीत ठळक लिहा: शिशाचा एकही तुकडा घरी जाणार नाही. जिगची जुळणी शेडमध्येच, हातमोजे घालून. घरात पोरं रांगत असतात आणि दिसेल ते तोंडात घालतात.

आता रंगारी. या एका माणसाची नोंद मी पुठ्ठ्याच्या मधोमध करतो. आमचा रंगारी एअरब्रशचा वस्ताद आहे. पॉपरच्या पाठीवर हिरव्याचा निळा कुठे होतो ते नखाने दाखवता येत नाही, इतकं काम मऊ. पण मूळ माणूस पेणच्या गणपतीच्या कारखान्यातला. आषाढ लागला की तिकडून बोलावणं येतं आणि त्याचा पाय इथे ठरत नाही. तिकडे त्याच्याकडे आखणी असते, मूर्तीचे डोळे. एकदा मी पैसे वाढवून देतो म्हणालो. त्याने ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, फडक्याला पुसला आणि म्हणाला, "शेठ, तुमचा मासा आंधळा असला तरी पाण्यात पोहेल. बाप्पाचं तसं नाय." त्यावर काय बोलणार?

म्हणून त्याची तारीख गणपतीवरून उलटी मोजायची. आणि गणपती सरकतो, हे विसरायचं नाही. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. तब्बल अठरा दिवस पुढे. वर्षाच्या सुरुवातीला हे पाहून मी खूश झालो होतो, रंगारी आणखी अठरा दिवस राहणार म्हणून. मग कळलं की तो जातोही उशिरा आणि येतोही उशिरा, आणि आमचं पहिलं पार्सल सप्टेंबरअखेर निघतं. यंदा रंगाचं सगळं काम जूनमध्येच ओढलंय. त्याच्या हाताखाली एका पोराला बसवलंय, निदान पांढरा बेस आणि पोटाचा रंग तरी तो मारेल. हे पोर टिकवायचं तर उचल देऊन बांधू नका. उचल दिलेली पोरं मोठ्या कंपनीतलं कंत्राटी काम मिळालं की उचलीसकट जातात. पगार सात तारखेच्या आत द्या, तेवढं पुरतं.

माणसांचं झालं की हूक. हजार पेन्सिल बनवायच्या तर दोन हजार ट्रेबल हूक (एका दांड्याला तीन काटे) लागतात, तीन हजार स्प्लिट रिंगा (दोन हुकांच्या, एक नाकाची), दोन हजार डोळे, हजार तारा. मी शेकडा पाच जादा धरतो. यातलं लाकूड, तार, रंग इथे मिळतं. हूक आणि रिंगा बाहेरून येतात, आणि हूक नसेल तर उरलेलं सगळं म्हणजे सावंतवाडीचं खेळणं. नॉर्वेचा मुस्ताद, फ्रान्सचा व्हीएमसी, जपानचे ओनर आणि गामाकात्सू ही नावं गळवाल्यांच्या तोंडात बसलेली असतात. डब्यावर हुकाचं नाव नसेल तर दुकानदार माल परत सरकवतो. युरोपातून येणाऱ्या मालाची मुदत २०२३ च्या अखेरीपासून बदलली. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. तेव्हापासून 'महिनाभरात येईल' हे वाक्य मी कागदावर उतरवत नाही. आयातदाराकडून पेटी हातात आली की 'आली' असं लिहितो, एवढंच.

चिनी मालाचा अडसर वेगळा. रिंगा, स्विव्हल (दोर पिळू नये म्हणून फिरणारी कडी) आणि स्टिकरचे डोळे तिकडून येतात, आणि त्यांच्या नववर्षात कारखाने काही आठवडे ओस पडतात. २०२६ ला ते नववर्ष १७ फेब्रुवारीला होतं. आपल्याकडे गणपतीला जे होतं तेच, फक्त सगळा देश एकदम गावी जातो. म्हणजे रिंगांची ऑर्डर डिसेंबरअखेर गेली नसेल तर मेमध्ये ही यादी वाचून उपयोग नाही. सरळ मुंबईच्या ठोक बाजारातून चढ्या भावाने उचला आणि पुढच्या वर्षीच्या पानावर लाल खूण करा.

बदली हूक घ्यायची वेळ आली तर पारख केल्याशिवाय पेटी फोडू नका. दोन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराने 'सेम टू सेम' म्हणत दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचे ट्रेबल गळ्यात मारले. दिसायला चकचकीत. दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाने पॉपर परत पाठवला, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. मागच्या ट्रेबलचे दोन काटे सरळ झालेले, सुईसारखे. जिताडा तेवढा मोठा असणार. तेव्हापासून प्रत्येक पेटीतले पाच हूक व्हाइसमध्ये धरून पकडीने वाकवून बघतो, आणि पाच मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवतो. व्हाइसमध्ये चांगला हूक थोडा वाकून परत येतो, वाईट हूक एक तर तिथेच राहतो नाही तर काडकन मोडतो. पाण्यातल्यांवर तिसऱ्या दिवशी तांबूस डाग दिसला की पेटी परत.

लाकडाचं थोडक्यात. बाल्सा हवं असतं सगळ्यांना, आणि ते जवळपास सगळं इक्वेडोरहून येतं. २०२० मध्ये पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी चीनने बाल्सा इतका उचलला की भाव कुठल्या कुठे गेले, आणि आमच्यासारख्याला कोण विचारतो? तेव्हापासून आम्ही पांगाऱ्यावर आलो. सावंतवाडीची खेळणी पूर्वी याच लाकडाची व्हायची. हलका, मऊ, लेथवर छान येतो. पण ओला पांगारा लेथवर लावलात तर पॉपर महिन्याभरात चिरतो. फांद्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडून, साल काढून, सावलीत वाळलेल्या हव्यात. मेअखेर माळ्यावर किती कोरडं लाकूड आहे ते हाताने उचलून बघा, जड लागलं तर ते या वर्षाचं नाही.

आता शिसं, आणि इथे घाई करू नका. पहिलं काम, शिसं कुठून आलं ते लिहून ठेवा. भंगारवाला बॅटरीच्या प्लेटा स्वस्तात देऊ करतो, त्या घ्यायच्या नाहीत. त्यात आम्ल असतं, आर्सेनिक असतं, आणि बॅटरीच्या कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेतच. आम्ही जुन्या केबलचं आवरण घेतो आणि टायरवाल्यांकडची बॅलन्सिंगची वजनं. वजनांत हल्ली जस्ताचे तुकडे मिसळलेले असतात. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ ला. भांडं ३६० च्या आसपास ठेवलं तर जस्त वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं. कोणी घाईने गॅस वाढवला की जस्त आत विरघळतं, आणि मग ते शिसं साच्याच्या कोपऱ्यात शिरत नाही, जिगची शेपूट अर्धीच येते. आख्खं भांडं वाया. थर्मामीटर चालू आहे का, हे यादीत लिहा. आमचा एकदा नव्हता.

दुसरं काम, सगळं ओतकाम ५ जूनच्या आत. कारण पाणी. साच्यात दवाएवढा ओलावा असला तरी त्याची वाफ दीड हजार पटीहून जास्त फुगते आणि तापलेलं शिसं उडवते. एका जूनमध्ये नव्या पोराने साचा पुसून ठेवला, पण पुसायचं फडकंच दमट होतं. फट्ट असा आवाज झाला, फार मोठा नाही. पोर वाचलं, कारण चेहऱ्यावर ढाल होती. वर पत्र्याला चिकटलेला शिशाचा थेंब अजून तसाच आहे, पैशाएवढा. नवीन माणूस आला की आधी तो दाखवतो. तेव्हापासून साचे ओतण्याआधी शेगडीवर गरम होतात, आणि ओतणारा एकच. तो आजारी पडला तर ओतकाम बंद, दुसरा कोणी हौसेने पळी उचलणार नाही. वर्षातून एकदा त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायचं, पैसे शेडचे. त्या खोलीत चहा येत नाही, तिथले कपडे घरी जात नाहीत, आणि जमीन कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

शिशाऐवजी दुसरं काही वापरा, असा सल्ला मलाही मिळतो. टंगस्टन आणि बिस्मथ ही त्यातली दोन नावं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने नेमकी या दोन्हींच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. कथील महाग. निव्वळ जस्ताचा जिग करता येतो, पण तेवढ्याच वजनाला तो मोठा होतो आणि सावकाश बुडतो. गळवाल्याला तो फरक पहिल्या फेकीत कळतो.

शेवटचा हात इपॉक्सीचा, आणि दमट हवेत इपॉक्सीवर पांढरट, चिकट साय येते. तिच्यासाठी जुनं लोखंडी कपाट, आत दोन पिवळे बल्ब, खाली सिलिका जेलच्या पिशव्या. बल्ब जास्तीचे आणा, हल्ली ते दुकानात मिळत नाहीत. लाइट गेली तर कपाट उघडायचं नाही, तासभर ऊब टिकते. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजायचं, डोळ्यांनी नाही. पॅकिंगचे डबे, कार्डं, टेप हे ऑगस्टमध्ये बघता येतं. दुकानदारांची जुनी उधारी मात्र मेमध्येच वसूल करा, पावसात कोणी फोन उचलत नाही.

पुठ्ठ्याच्या तळाशी तीन फोन लिहिलेत. रंगाऱ्याला झाला, तो आषाढ लागेपर्यंत आहे. बायकांच्या मुकादम ताईंना झाला, त्या म्हणाल्या, रोपांचा राब अजून भाजायचाय, पाऊस बघून सांगते. आयातदाराला झाला, पेट्या परवा टेम्पोने आल्या, काल उघडून मोजल्या. दोन नंबरचे ट्रेबल चारशे कमी आहेत.