टेम्पो बेसमेंटमध्ये, डेटा अधांतरी: फील्ड ॲप बनवताना या चुका टाळा

वाशीच्या एपीएमसीतल्या भाजी मार्केटचा दिवस रात्रीच सुरू होतो. गाळ्यावर मेहताजी फोनमध्ये आवक टाकतात, टेम्पो ऐरोली-विटावा करत ठाण्याला निघतो, ड्रायव्हर जांभळी नाक्यावर आणि पुढे घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये क्रेट उतरवून ‘पोच’ दाबतो. अशा कामाचं ॲप करायला बसलेल्या टीमला वाटतं, आपला सर्व्हर महापे-रबाळ्याच्या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये, हाकेच्या अंतरावर. नेटवर्कची कसली चिंता? पण टॉवरच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये उभ्या असलेल्या ड्रायव्हरला महापे काय आणि अमेरिका काय, सारखंच. फोनला सर्व्हरची नुसती खिडकी समजलं की घोळ सुरू होतो. तो स्वतःची वही ठेवणारा आणि मधूनमधून गायब होणारा भागीदार आहे, असं धरूनच डिझाइन करावं लागतं.

दांड्या दिसल्या म्हणजे नेट आहे असं नाही

पुष्कळ ॲपमध्ये आधी नेट तपासतात आणि मग ‘ऑनलाइन’ व ‘ऑफलाइन’ असे दोन वेगळे रस्ते धरतात. तपासणी झाल्यावर पुढच्याच सेकंदाला लिफ्टचं दार बंद होतं, त्याचं काय? शिवाय ऑफलाइनचा रस्ता ऑफिसात कुणी वापरत नाही, म्हणून त्यातले दोष थेट गिऱ्हाईकाकडेच उघडे पडतात. रस्ता एकच ठेवा. नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जातं, नाहीतर काहीच नाही) ‘पाठवायचं आहे’ अशी रांगेतली ओळ टाका आणि रांग मागे सावकाश रिकामी होऊ द्या. नेट फर्स्टक्लास असलं तरी हाच रस्ता.

एकाच डिलिव्हरीच्या दोन पोचा

“अहो, उतरवले १२ क्रेट, बिलात २४ कसे?” ही तक्रार आली की लॉग उघडा. तोच ड्रायव्हर, तेच दुकान, तेच १२ क्रेट, आणि दोन नोंदींमध्ये ३१ सेकंदांचं अंतर. ॲपचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, ३० सेकंदांची असेल तर चोर सापडलाच. पहिली विनंती सर्व्हरपर्यंत गेली, लिहिलीही गेली. परत येणारं उत्तर तेवढं वाटेत हरवलं. फोनच्या बाजूने पाहिलं तर विनंतीच गेली नाही की उत्तर आलं नाही, हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे त्याने पुन्हा पाठवणं बरोबरच आहे. दुसऱ्यांदा आलेली विनंती ओळखणं हे सर्व्हरचं काम.

उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतो: प्रत्येक नोंदीला यूयूआयडीसारखी (सहसा कधीच पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) एक किल्ली द्या. चुका होतात त्या पुढे. पहिली म्हणजे किल्ली पाठवण्याच्या फंक्शनमध्ये तयार होते, म्हणजे दर रिट्रायला, पुन्हा पाठवताना, नवी. अशी किल्ली असून नसल्यासारखीच. ती ड्रायव्हरने बटण दाबलं त्या क्षणी तयार होऊन नोंदीसोबत सेव्ह झाली पाहिजे. दुसरी म्हणजे सर्व्हर आधी ‘ही किल्ली आहे का?’ विचारतो आणि मग लिहितो. दोन विनंत्या एकदमच आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असं उत्तर मिळतं. तीच किल्ली दुसऱ्यांदा लिहू न देणारं युनिक बंधन डेटाबेसवरच घाला, किल्ली आणि पोच एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, आणि किल्ली जुनी निघाली तर एरर न देता पहिलंच उत्तर पुन्हा पाठवा. तिसरी जरा छुपी. जागा वाचवायला किल्ल्या २४ तासांनी पुसल्या जातात, आणि ड्रायव्हर मात्र रांगेत अडकलेल्या नोंदीसकट गणपतीला गावी गेलेला असतो. परतल्यावर तीच नोंद नवी ठरते.

‘तोच ड्रायव्हर, तेवढेच क्रेट, एका मिनिटाच्या आत’ असे नियम लावून डुप्लिकेट उडवायचा मोह टाळा. एकाच दुकानाला १२-१२ क्रेटच्या दोन खऱ्या पोचा लागोपाठ होऊ शकतात.

आणि प्रत्येक एररला रिट्राय नको. टाइमआउट किंवा ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) आला तर थोडं थांबून पुन्हा पाठवा, थांबण्याचा वेळ वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा ठेवा, नाहीतर सर्व्हर उठतो न उठतो तोच सगळे फोन एकदम तुटून पडतात. पण ४०० किंवा ४२२ हे एरर-क्रमांक आले तर नोंदच चुकीची आहे. ती बाजूला काढून माणसाला दाखवा. एक सडकी नोंद रांगेच्या तोंडाशी बसली की मागचं सगळं तुंबतं.

घड्याळाचे तीन घोळ

‘शेवटचा बदल जिंकतो’ हा नियम सोपा वाटतो, पण शेवटचा कोणता, हे ठरवतो फोन. एखाद्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं की त्याचा जुना बदलही सगळ्यांवर भारी पडतो. वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवरून घटनांचा क्रम लावता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या पेपरात मांडलं. तरी आजही हे दिसतंच. नोंदीला आवृत्ती क्रमांक द्या. फोन ‘मी ७वी आवृत्ती बघून बदल केला’ म्हणतो आणि सर्व्हरवर ९वी असली, तर हा झगडा आहे; तो गुपचूप मिटवू नका.

दुसरा घोळ खास आपल्या मार्केटचा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, भारत साडेपाच तास पुढे. रिपोर्टमधला दिवस यूटीसीने कापला, तर पहाटे ५:३० च्या आधीची आवक आदल्या दिवसात जाते. दहा वाजता उघडणाऱ्या ऑफिसला हे कधी कळणारही नाही. भाजी मार्केटची मात्र बरीचशी उलाढाल त्याच वेळची.

तिसरा पकडायला सगळ्यात कठीण. फोन सर्व्हरला ‘मागच्या सिंकनंतर (नोंदी जुळवल्यानंतर) बदललेलं सगळं दे’ हे बदलाच्या वेळेवरून विचारतो. एक ट्रान्झॅक्शन ११:००:०१ ला सुरू झालं आणि ११:००:०६ ला कमिट झालं, म्हणजे पक्कं होऊन इतरांना दिसू लागलं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, म्हणजे ओळीवर ०१ चा शिक्का. मधेच ०४ ला एक फोन आला, त्याला ०३ पर्यंतचं मिळालं, त्याने ०३ लक्षात ठेवलं. पुढच्या वेळी तो ०३ च्या पुढचं मागतो. ०१ ची ओळ त्याला कधीच मिळत नाही. लॉगमध्ये एरर नाही, काही नाही. वेळेऐवजी चढता क्रमांक वापरूनही हे सुटत नाही, कारण क्रमांकही कमिटच्या आधी वाटला जातो. दरवेळी पाच-दहा मिनिटं मागून वाचा आणि फोनवर तीच ओळ दुसऱ्यांदा आली तरी बिघडणार नाही असं लिहा. किंवा कमिटच्या क्रमाने चालणारा बदलांचा लॉग वापरा.

उरलेलं, थोडक्यात

शिल्लक आकडा पाठवू नका. गाळ्यात ४० क्रेट असताना एकाने ५ आणि दुसऱ्याने ८ काढले, दोघांनी ‘३५’ आणि ‘३२’ लिहून पाठवलं, तर एकाचं काम पुसलं जातं. ‘५ गेले’, ‘८ गेले’ असे व्यवहार पाठवा, बेरीज-वजाबाकी सर्व्हर करेल.

नोंद सर्व्हरवरून थेट डिलीट केली, तर गावाहून परतलेला फोन ती पुन्हा जिवंत करतो. ‘काढून टाकली’ अशी खूण ठेवा, तीही सगळ्यात उशिरा येणाऱ्या फोनला पुरेल इतके दिवस.

अँड्रॉइड ६.० पासून डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय आहे. खिशात पडून राहिलेल्या फोनची पार्श्वभूमीतली कामं तो लांबवतो. वर्कमॅनेजर या अँड्रॉइडच्या साधनाने पार्श्वभूमीत ठरावीक अंतराने चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावताच येत नाही. म्हणून ‘दर मिनिटाला सिंक’ असं कुणाला कबूल करू नका.

रांगेत नोंदी असताना लॉगआउट होऊ देऊ नका. आणि ‘ॲप काढून पुन्हा टाका’ हा सल्ला सपोर्टच्या माणसाला आधी विसरायला लावा, कारण न पाठवलेल्या पोचा त्याबरोबरच जातात. ड्रायव्हरचा फोन आला की पहिल्यांदा तीनच गोष्टी विचारायच्या: रांगेत किती नोंदी आहेत, शेवटचं सिंक कधी झालं, ॲपची आवृत्ती कोणती. या तिन्ही गोष्टी एकाच स्क्रीनवर, मोठ्या अक्षरांत, नेट नसतानाही दिसायला हव्यात.