ग्रीनकार्ड असूनही हद्दपारीची नोटीस आली तर काय करावे

अमेरिकेत ‘नोटीस टू अपिअर’ (इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस) घरी आली की ग्रीनकार्ड गेलंच, असं समजून अनेक कुटुंबं खचतात. पण हद्दपारीचा आदेश अंतिम होईपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच असता आणि नोकरीही करू शकता. हा दर्जा आपल्या सहीने सोडून देऊ नका.

अशी सही बऱ्याचदा विमानतळावरच मागितली जाते. आईवडील वर्षभर पुण्यात राहून परततात आणि अधिकारी आय-४०७ हा फॉर्म पुढे करतो. ‘मी स्वखुशीने कायम रहिवास सोडत आहे’ असा त्याचा अर्थ. त्यावर सही करणं सक्तीचं नाही. ‘मला इमिग्रेशन न्यायाधीशांपुढे बाजू मांडायची आहे’ एवढं शांतपणे सांगा, आणि प्रवासाला निघण्याआधी आईवडिलांकडून हे वाक्य म्हणवून घ्या. तुम्ही रहिवास सोडला हे कोर्टात सरकारला सिद्ध करावं लागतं. अमेरिकेतले टॅक्स रिटर्न, घराचे कागद, लांबलेल्या आजारपणाची कागदपत्रं तिथे कामी येतात.

नोटीस आलीच असेल, तर तिच्यावरचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेला क्रमांक) टिपून घ्या आणि त्यावरून कोर्टाची तारीख वरचेवर तपासा, कारण तारखा बदलतात. घर बदललं तर ५ कामकाजाच्या दिवसांत ईओआयआर-३३ फॉर्म भरून कोर्टाला कळवा. तारखेला गैरहजर राहिलात तर तुमच्या अनुपस्थितीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो, आणि तो उलटवणं फार अवघड असतं.

या खटल्यात सरकार वकील देत नाही, तो स्वखर्चाने करावा लागतो. परवडत नसेल तर मोफत मदत करणाऱ्यांची यादी कोर्टाकडे मिळते. ओळखीतल्या ‘कन्सल्टंट’कडून अर्ज भरून घेऊ नका. वकील मिळेपर्यंत पहिल्या तारखेला मुदत मागा, आरोप कबूल करू नका.

वकिलाला आधी एक गोष्ट तपासायला सांगा: तुम्ही नकळत अमेरिकन नागरिक तर नाही? २७ फेब्रुवारी २००१ला किंवा त्यानंतर, १८ वर्षांच्या आत, ग्रीनकार्डधारक मूल आपल्या ताब्यात राहत असताना आईने किंवा वडिलांनी नागरिकत्व घेतलं असेल, तर ते मूल आपोआप नागरिक होतं. नागरिकाला हद्दपार करता येत नाही.

खटल्याचं मूळ एखादा गुन्हा असेल, तर निकालपत्रातला शब्द न् शब्द महत्त्वाचा. चोरीसाठी एक वर्षाची शिक्षा झाली, मग ती स्थगित का असेना, तर इमिग्रेशन कायद्यात तो ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ (हद्दपारी ओढवणारा गंभीर गुन्हा) ठरू शकतो. ३६४ दिवसांची शिक्षा असेल तर चित्र बदलतं. गुन्हा कबूल करताना तुमच्या वकिलाने हद्दपारीची कल्पना दिली नव्हती का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या ‘पडिया विरुद्ध केंटकी’ निकालानुसार ती देणं त्याचं कर्तव्य आहे. त्या आधारे जुनी शिक्षा रद्द करून घेण्याचा प्रयत्न करता येतो.

आरोप टिकला, तरी ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’, म्हणजे हद्दपारी रद्द करणं, मागता येतं. फॉर्म ईओआयआर-४२ए. अटी तीन: ग्रीनकार्डची ५ वर्षं, रीतसर प्रवेशानंतर सलग ७ वर्षं वास्तव्य आणि अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी नसणं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरची वर्षंही त्या ७ मध्ये धरतात. मात्र नियमानुसार नोटीस मिळाली, किंवा त्याआधी विशिष्ट गुन्हे घडले, की ही मोजणी थांबते. पुढे सगळं न्यायाधीशांच्या विवेकावर असल्याने मुलांची, नोकरीची, करभरणीची आणि सुधारणेची कागदपत्रं भरपूर जोडा. नागरिक पती किंवा पत्नीच्या अर्जावर नव्याने ग्रीनकार्ड, काही गुन्ह्यांसाठी माफी, भारतात छळाचा धोका असल्यास संरक्षण, हेही मार्ग वकिलाला विचारून पाहा.

निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी अपिलाचा हक्क राखून ठेवा, मुदत वकिलाकडून लेखी घ्या आणि अपील चालू असताना देश सोडू नका. इमिग्रेशन अपील बोर्डानेही नाकारलं तर ३० दिवसांत फेडरल अपील कोर्टात जाता येतं. त्या अर्जाने हद्दपारी आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती त्याच दिवशी मागा.