कथेचा आराखडा: तीन ओळी आणि काही कार्डं

वय, उंची, आवडता रंग असा लांबलचक तक्ता भरून पात्र उभं राहत नाही. एका कागदावर ३ ओळी लिहा: पात्राला आत्ता काय हवंय, आडवं काय येतंय आणि ते स्वतःपासून काय लपवतंय. तिसरी ओळ अडली, तर १० मिनिटांचा गजर लावून पात्राच्याच तोंडून, 'मी'ने सुरुवात करून, न खोडता लिहीत राहा.

'सुमन भावावर नाराज आहे' हे नुसतं विधान झालं. 'भावाचा फोन सुमन उचलते, पण स्पीकरवर टाकून भांडी घासत राहते' यात सुमन दिसते.

मग कोरी कार्डं (पत्त्यांएवढे कागदाचे तुकडेही चालतील) घ्या. छोट्या कथेला ८-१० पुरतात. एका कार्डावर एकच प्रसंग आणि खाली पात्राची प्रसंगाआधीची व नंतरची अवस्था, एकेका शब्दात. दोन्ही शब्द सारखेच आले, तर तो प्रसंग फक्त माहिती पुरवतोय. काढा किंवा शेजारच्यात मिसळा. कार्डं ओळीने मांडून मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' घालून वाचा. जिथे 'आणि मग'शिवाय काहीच बसत नाही, तिथे कार्यकारणाचा धागा तुटलाय. कथा मध्यावर रेंगाळते ती बहुधा यामुळेच.

संवादाच्या सरावासाठी: एकच वस्तू दोन पात्रांना हवी, पण त्या वस्तूचं नाव कुणी घ्यायचं नाही. १५ ओळी लिहा, बोलणाऱ्यांची नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल, तर एकाला वाक्यं अर्धवट सोडायला लावा.