नेटमध्ये जीभ सांभाळा: शाळेच्या नव्या क्रिकेट कोचसाठी

आझाद मैदानावर सकाळी चक्कर मारा. बॅटच्या आवाजाआधी कोचचा आवाज कानावर येतो: "बांगड्या भरल्यात का रे?" पोरगं वेगवान चेंडूला बिचकून लेगला सरकलेलं असतं. तो पाय पुढे कसा न्यायचा, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. म्हणून 'बायल्या', 'मुलीसारखा टाकतोस' हे आजपासून बंद. चूक दाखवा, पोराची लाज काढू नका.

मर्दपणा म्हणजे काय, मुलींशी आणि एकमेकांशी कसं वागायचं, यावर आठवड्यातून एकदा गप्पांना वेळ ठेवा. कोचनी पोरांशी अशाच गप्पा मारायचा 'कोचिंग बॉइज इन्टू मेन' हा अमेरिकेतला कार्यक्रम १२ आठवड्यांचा आहे, दर खेपेला १०-१५ मिनिटं. त्याच्याच धर्तीवर 'परिवर्तन' नावाने मुंबईतल्या शालेय क्रिकेट कोचनाही शिकवलं गेलं. सरावानंतर बसवू नका, तेव्हा पोरांचा जीव वडापाव आणि लोकलमध्ये असतो. पॅड बांधायच्या आधी, किटबॅगांवर बसवायचं.

भाषण ठोकू नका, प्रश्न टाका. माझा हुकमी प्रश्न असा: डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपण ३६ धावांत आटोपलो आणि कर्णधार कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला. बरोबर केलं? "पळाला सर!" हे हमखास येतं. मग कोणीतरी कोहलीच्या जागी कर्णधार झालेल्या रहाणेचं पुढच्याच कसोटीतलं मेलबर्नचं शतक काढतं, मालिका जिंकल्याचं सांगतं. तुम्ही मध्ये पडू नका, भांडू द्या. हळूच एखादा म्हणतो, "माझा जन्म झाला तेव्हा पप्पा ड्युटीवर होते." इथून खरं बोलणं सुरू होतं.

शून्यावर बाद झालेला तंबूमागे रडत असेल, तर गप्प करायचं ते चिडवणाऱ्याला. रडणाऱ्याला पाणी द्या, थोडा वेळ सोडा, मग स्कोअरबुक हातात द्या.

हेल्मेटवर चेंडू बसला की "मर्द आहेस, खेळ" नाही. बाहेर काढा, डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू आयसीसीनेही २०१९ पासून मान्य केलाय. आपली शालेय मॅच कसोटीपेक्षा मोठी लागून गेली नाही.

बाकी पोरं तुमच्याकडे बघून उचलतात. पायचीत नाकारल्यावर पंचांना काय म्हणता? स्कोअरर बाई असल्या तर त्यांच्याशी कसं बोलता?

आणि साइटस्क्रीनमागून ओरडणारे वडील. त्यांना पोरासमोर झापू नका. बाजूला नेऊन सांगा, "साहेब, सरावात एकच आवाज, माझा. घरी गेल्यावर फक्त विचारा, मजा आली का."