वायर सोलताना तांब्याला चरा पडू देऊ नका : कुठलं टूल, कधी आणि कसं

वायर सोलणं म्हणजे फक्त वरचं प्लास्टिक काढणं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरं काम आहे ते आतल्या तांब्याला धक्का न लावता काढणं. सिंगल कोर (आत एकच जाड तार) तारेला बारीक चरा जरी पडला तरी ती तिथेच दोनचार वेळा वाकवली की तुटते, आणि मल्टीस्ट्रँडमधल्या (आत अनेक बारीक तारा) पाचसहा तारा कापल्या गेल्या तर राहिलेल्यांवर लोड येतो, ती जागा गरम होते. म्हणून टूल निवडताना पहिला प्रश्न हाच, यात तांबं वाचणार का.

सुरू करायच्या आधी मेन बंद करा आणि टेस्टरने बघा, तो टेस्टर पण आधी चालू पॉइंटवर लावून चालतोय ना ते बघा. स्ट्रिपरच्या (वायर सोलायच्या पक्कडीच्या) मुठीला रबर आहे म्हणून चालू वायरीवर काम करायचं नाही.

रोजच्या १ ते ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीला खाचांचा साधा स्ट्रिपर सगळ्यात भरवशाचा. फक्त खाचेवरचे आकडे नीट वाचा, कारण बऱ्याच स्ट्रिपरवर ते एडब्ल्यूजी म्हणजे अमेरिकन गेजमध्ये असतात आणि तिथे आकडा मोठा तशी तार बारीक. १६ नंबर म्हणजे साधारण १.३ स्क्वेअर एमएम आणि १४ म्हणजे २.१ च्या आसपास, त्यामुळे १.५ ची वायर १६ मध्ये दाबली की तांबं घासणारच, ती १४ मध्ये घ्या, २.५ ची १२ मध्ये. मल्टीस्ट्रँड तेवढ्याच साईजच्या सिंगल कोरपेक्षा थोडी जाड असते, काही स्ट्रिपरवर दोन्हीचे आकडे वेगळे दिलेले असतात ते बघून घ्या. शंका आली तर आधी मोठी खाच, मग एकेक करत बारीक. आणि आपण वापरणार त्याच वायरीचा एक तुकडा आधी सोलून बघा, तांब्यावर चकाकती रेघ दिसली तर खाच बारीक पडतेय.

ऑटोमॅटिक स्ट्रिपर, म्हणजे जो एका दाबात पकडतो आणि ओढतो, पन्नास टोकं सोलायची असतील तर हात वाचवतो. पण सिलिकॉन किंवा टेफ्लॉनच्या वायरीवर तो कधी घसरतो, कधी इन्सुलेशन ताणून फाडतो, तिथे साधाच बरा.

अनेक वायरी एकत्र असलेल्या केबलचं बाहेरचं जाड आवरण काढायचं तर ब्लेड पूर्ण आत घालू नका. गोल केबलभोवती अर्ध्या जाडीपर्यंतच चीर द्या, मग केबल त्या जागी मागेपुढे वाकवा, आवरण आपोआप तडकतं आणि आतल्या वायरींना ब्लेड लागतच नाही. ही एक गोष्ट हातात बसली की निम्मं काम सोपं होतं. आत मजबूत दोरा असेल तर तोच पक्कडीने धरून मागे ओढा, आवरण उभं फाटत जातं. स्ट्रिपर नसेल आणि ब्लेडच असेल तर वायरीवर काटकोनात गोल फिरवू नका, पेन्सिलीला टोक काढतो तसं ब्लेड जवळजवळ आडवं धरून स्वतःपासून लांब सोला.

लायटरने जाळून काढणारे खूप दिसतात, ते खरंच बंद करा, पीव्हीसी जळला की विषारी धूर येतो आणि तांबं काळं पडून कनेक्शन खराब होतं. दातांनी तर अजिबात नाही. मोटरच्या वाइंडिंगची तार मात्र वेगळी, तिच्यावर इनॅमल (वार्निशसारखा पातळ थर) असतं, ते पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून काढायचं.

किती सोलायचं? बऱ्याच स्विच आणि सॉकेटच्या मागे मापाची खूण असते, नसेल तर टर्मिनलच्या भोकाची खोली मोजा, साध्या टर्मिनलला बहुतेक वेळा ८ ते १० एमएम पुरतं. स्क्रू आवळल्यावर बाहेर उघडं तांबं दिसायला नको आणि इन्सुलेशन स्क्रूखाली दाबलं जायला नको. मल्टीस्ट्रँड असेल तर सगळ्या तारा आत गेल्यात ना बघा, शक्यतो फेरूल (टोकावर बसणारी धातूची छोटी नळी) लावून क्रिंप करा, म्हणजे ती खास पक्कडीने दाबून घट्ट बसवा. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली देऊ नका, दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि कनेक्शन ढिलं होतं. आवळून झालं की वायर धरून एकदा ओढून बघा, हलली तर सोडवून परत करा.